न दाबलेलं रॉ आणि गवती चहाची काडी

३ जून
क्रितचा हेवा करणं आजपासून बंद. तसा मी करत नव्हतोच. पण बंद.

निमित्त चांगलं आहे. माशाच्या सॉसची जाहिरात मिळाली. मुख्य कॅमेरा माझा. ही नीट उतरली तर त्याच कंपनीच्या वर्षभराच्या जाहिराती एकाच कॅमेरामनला देणार, असं आमच्या निर्मात्या पिमताई म्हणाल्या. म्हणताना माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे झालंच.

दुसरा कॅमेरा क्रितचा. बाहेरचे शॉट, कालवा, होडी वगैरे. हा क्रित काल-परवापर्यंत माझा फोकस सांभाळायचा. लेन्स कशी पुसायची ते मी शिकवलं. आता त्याच्या मुलाखती येतात. परवाच्या मुलाखतीत केस मोकळे सोडून बसला होता. मला काहीच वाटलं नाही. दोनदा पाहिली, एवढंच.

५ जून
आज फॉरमॅट ठरवायचा होता. शूट रॉमध्येच करायचं, यावर एकमत. म्हणजे कॅमेऱ्याला दिसलं ते कच्चंच ठेवायचं, रंग-उजेडाची फोडणी मागाहून. प्रश्न एवढाच, की दाबलेलं रॉ की न दाबलेलं? दाबलेलं आटोपशीर, मेमरी कार्डात भरपूर मावतं. न दाबलेलं अवाढव्य, कार्ड बघता बघता भरतं.

माझं मत दाबलेलं. कालच ठरवलं होतं. तोंड उघडणार तोच पिमताई म्हणाल्या, क्रितसुद्धा म्हणतोय की दाबलेलं पुरे.

मी म्हटलं, न दाबलेलं.

कारण विचारलं. म्हटलं, हा कलेचा प्रश्न आहे. पिमताईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. दबदबा अजून आहे.

६ जून
पिमताईंनी चाचणी ठेवली. एकच दृश्य दोन्ही प्रकारांत. पडद्यावर शेजारी शेजारी, नावं झाकून. कुठलं सरस ते सांगायचं.

मी क्षणात सांगितलं, डावीकडचं. सावल्यांत जीव आहे, कातडीत ऊब आहे, खऱ्या रॉला वेगळाच श्वास असतो, वगैरे बोललो. चांगलं बोललो. डावीकडचं दाबलेलं निघालं.

पडदा जुना आहे. शिवाय दुपारी भात जास्त झाला होता. क्रित हसला नाही. म्हणाला, दादा, मलाही फरक कळला नाही. किती चढलाय बघा, माझी समजूत काढतो!

क्रितनं त्याचा कॅमेरा दाबलेल्यात ठेवला, मी माझा निर्णय बदलला नाही. माणसानं शब्दाला जागावं.

१० जून
नुचला फॉरमॅट सांगितला. नुच म्हणजे शूटवर कार्डं रिकामी करून देणारी मुलगी. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, दादा, मी कार्डं उतरवायची की विहीर उपसायची? जाहिरात शेवटी लोक फोनवरच बघणार ना, तेही जेवता जेवता?

नव्या पिढीला कलेचं काही पडलेलं नाही. कार्डं जास्त मागवायला सांगणार होतो, पण क्रित तिथेच उभा होता. म्हटलं, आहेत तेवढी रग्गड.

१२ जून, सकाळ
शूटचा दिवस. समुत सोंगख्राम गाव, कालव्याकाठचं लाकडी घर. आधी नेहमीप्रमाणे पूजा. केळी, उकडलेली कोंबडी, लाल सरबताच्या बाटल्या, उदबत्त्या. पूजा आटोपली आणि क्रितनं खिशातून जाईचा हार काढून माझ्या कॅमेऱ्याला घातला. हात जोडून म्हणाला, दादा, माझे गुरू तुम्हीच. सगळ्या बायकांनी आहाहा केलं.

डाव ओळखला मी. सगळ्यांसमोर मला म्हातारा केलं.

आभाळ भरलेलं. पाऊस येऊ नये म्हणून नुचनं अंगणात गवती चहाची काडी उलटी रोवली, शेंडा मातीत, बुडखा वर. शेंडेफळाच्या हाताला असा गुण असतो म्हणतात, आणि नुच घरातली सगळ्यात धाकटी. आणि खरंच ढग फाटले. क्रितच्या कालव्यावर असं ऊन पडलं की दिग्दर्शक पळत बाहेर गेला. तिकडून वा, वा, अरे वा. माझा स्वयंपाकघराचा शॉट बघून म्हणाला, चालेल.

चालेल!

मी जरा मोकळा व्हायला मागच्या अंगणात गेलो. वाटेत ती काडी दिसली. बिचारी उलटी. मी उपटून सरळ लावली. झाडांविषयी मला पहिल्यापासून कणव आहे. वळलो तर क्रित लेन्स बदलत होता. त्याचं लक्ष नव्हतं बहुधा.

१२ जून, दुपार
धो धो पाऊस. काडीचा काही संबंध नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही.

होडी बंद, कालवा बंद, क्रित बंद. मनातल्या मनात मी देवाला एक बाटली सरबत वाहिलं. तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, क्रित मोकळाच आहे तर कॅमेरा आत आण, चुलीच्या कोपऱ्यातून दुसरी बाजू घे. हे माझ्या हिशेबात नव्हतं.

दृश्य असं : नातू पहिल्यांदा कालवण रांधतो, आजी चव घेते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येतं. सगळी जाहिरात त्या पाण्यावर उभी. आजीचं काम लमाई आजी करतायत. नटी नव्हेत, बाजारात वांगी विकतात. रडू काही येईना. एक घास, माझं कार्ड भरलं. थांबा. दुसरा घास, पुन्हा भरलं. थांबा. आजी म्हणाल्या, अरे बाळा, मी म्हातारी एका वाटीत भागवते, तुझ्या यंत्राला किती रे भूक! सगळे हसले. क्रितही हसला. त्याचं सकाळचंच कार्ड अजून भरलं नव्हतं.

मग रिकामी कार्डं संपली. नुच घामाघूम, म्हणाली, उतरतायत, दादा, ओरडू नका. मी ओरडत नव्हतो. आवाज मुळातच मोठा आहे.

आम्ही भांडत असताना आजींनी आपली भूक लागली म्हणून वाटी ओढली. एक घास घेतला आणि थांबल्या. त्या नातवाचं काम करणाऱ्या पोराला म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या हातचं अस्संच खारट व्हायचं रे, मी रोज बोल लावायची, आता कोण करून घालतंय? आणि रडल्या. हसत हसत रडल्या. 

माझ्या कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं. क्रितचा चालू होता.

मीही रडलो. लोकांना वाटलं आजींसाठी.

१३ जून
शांतपणे विचार केला. दोष नुचचा. थोडा दिग्दर्शकाचा. कार्ड बनवणाऱ्यांचा तर आहेच. शिवाय त्या कोपऱ्यात क्रितला उजेड मिळाला तो माझ्याच दिव्याचा. म्हणजे शॉट अर्धा माझा.

२१ जून
तयार जाहिरात पाहिली. आजींचा शॉट पहिल्यापासून शेवटपर्यंत. पिमताई तिसऱ्यांदा बघतानाही डोळे पुसत होत्या. माझा एक शॉट आहे. शेवटची बाटली. तिच्यावर कंपनीचं नाव, घोषवाक्य आणि सवलतीची पट्टी. मागे बाटली आहे हे मला माहीत असल्यामुळे मला दिसली.

न दाबलेली आहे. सावल्यांत जीव आहे.

२८ जून
पिमताईंचा फोन. मी दुसऱ्या घंटीपर्यंत उचलला नाही, उतावळेपणा दिसायला नको. वर्षभराचं काम नक्की झालं म्हणाल्या. मी गंभीर आवाजात आभार मानायला लागलो. त्या म्हणाल्या, दादा, ऐका तरी. क्रितला दिलंय. त्यानं अट घातली, दुसरा कॅमेरा सोमयोतदादांचाच हवा. बाहेरचे शॉट तुमचे, होडी, कालवा वगैरे. सगळं दाबलेल्या रॉमध्ये.

म्हटलं, मला विचार करायला वेळ हवा. मग विचारलं, किती वाजता पोचायचं?

ठेवता ठेवता म्हणाल्या, हो, क्रितचा एक निरोप आहे. दादांना सांगा, या वेळी काडी उलटीच असू दे, नाहीतर भिजणार तेच.

संध्याकाळी बाजारातून गवती चहाची मोठी जुडी आणून पाण्यात ठेवली. बायकोनं विचारलं, तोम याम सूप करायचं का?

म्हटलं, एकाही काडीला हात लावायचा नाही.