दिवे बरोबर आहेत

घाटकोपर,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. सौ. मिनूस,

अनेक आशीर्वाद. तू घेशील न घेशील, मी पाठवतेच आहे. भाऊजींचा गुडघा कसा आहे? फोन तू उचलत नाहीस. मेसेजखालच्या खुणा निळ्या झाल्या असं तुझा भाचा मुकुल सांगतो, म्हणजे वाचतेस आणि गप्प बसतेस. म्हणून हे हाताने लिहिलेलं पत्र, कुरियरने पाठवतेय. फाडायच्या आधी एकदा वाचशीलच. लहानपणापासून चोंबडी आहेस.

आधी बातमी, कारण ती पोटात राहत नाहीये. आमच्या बिल्डिंगचे सगळे दिवे बदलले आणि ते निवडले मी. दुकानाचे, दवाखान्याचे, जिन्याचे, पार वरच्या क्लासपर्यंतचे. एकवीस वर्षं मॅचिंग सेंटरच्या काउंटरमागे उभी राहिलेली तुझी ताई आता दुकानदारांच्या मीटिंगमध्ये खुर्चीवर बसून बोलते. आणि लोक ऐकतात, मिनू.

झालं असं की दिवाळीनंतर जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी लावायचं ठरलं. आमचे शेठ चंद्रप्रकाशभाई बिल्डिंगचे सेक्रेटरी. ते म्हणाले, "ज्याचा उजेड जास्त तो घ्या आणि मोकळे व्हा."

मी म्हटलं, "शेठ, बायका कापड घेऊन फुटपाथवर जातात त्या उजेड कमी म्हणून नाही. इथे रंग खोटा दिसतो म्हणून जातात."

तुला माहीतच आहे तो प्रकार. एका हातात साडी, दुसऱ्या हातात ब्लाऊजपीस आणि बाई दाराबाहेर उन्हात. त्यातल्या कित्येक तिथूनच समोरच्या दुकानात शिरतात.  शेठ म्हणाले, "जयंतीबेन, तर तुम्हीच बघा ना काय ते."

मग आला सुयोग. दिव्यांच्या कंपनीतला इंजिनिअर, जाड चष्म्याचा, प्रत्येक वाक्य 'काकी'ने सुरू करणारा. त्याने मला इतकं शिकवलं की आता कुठेही गेले तरी माझी मान आधी छताकडे वळते. दिवा उजेड किती देतो हे एक, आणि त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे वेगळं. त्याला शंभरपैकी मार्क असतात. जिन्याला ऐंशीवाला चालतो, तिथे कोणाला रंग बघायचाय. दुकानाला पंच्याण्णवचाच हवा. लाल रंगाचे मार्क तर वेगळे विचारून घ्यायचे, नाहीतर कुंकवाचा लाल विटकरी दिसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाईंनी हे ऐकलं आणि त्यांनीही तोच मागितला. नवा दात जुन्याच्या रंगाशी जुळवावा लागतो म्हणे. म्हणजे त्यांचंही मॅचिंग सेंटरच की.

आणखी एक. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरायचा. पडद्यावर काळे पट्टे सरकले की समजायचं, हा दिवा लुकलुकतोय. डोळ्याला कळत नाही पण संध्याकाळी डोकं धरतं. एका विक्रेत्याच्या स्वस्तातल्या दिव्याचा मी चारचौघांत असा पंचनामा केला. तो खोकं उचलून गेला तो परत आलाच नाही.

शेवटी काउंटरच्या तीन भागांवर तीन वेगळे दिवे लावले आणि आठवडाभर मी फक्त बायका मोजल्या. पहिल्या दिव्याखालून निम्म्या दाराकडे गेल्या. तिसऱ्याखालून सहा दिवसांत दोघी, त्यातली एक फोन घ्यायला. सुयोगने माझ्या मोजणीच्या पानाचा फोटो काढून आपल्या साहेबांना पाठवला. म्हणाला, "काकी, हे आम्हाला कधी सुचलं नसतं."

मलाही सुचलं नसतं, मिनू. स्वतःच्या डोळ्यांनी निवडता आला असता तर मी बायका कशाला मोजत बसले असते?

आता पुढचं लिहिते. एवढा वेळ दिव्यांचंच सांगत राहिले ते का, हे तू ओळखलंच असशील.

दिवे बसवायला कप्पे रिकामे केले होते. संक्रांतीचा आठवडा, काळ्या रंगाची झुंबड आणि सगळे गडद पीस एकाच ढिगात. एका बाईने काळा मागितला, मी दिला. ती म्हणाली, "अहो, हा निळा आहे."

"ताई, नीट उजेडात बघा."

"उजेडातच बघतेय."

मी दुसरा काढून दिला, तोही निळा. सुयोग शिडीवरून उतरला, ते दोन्ही पीस हातात घेतले आणि मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाला, "काकी, दिवे बरोबर आहेत."

दोन वर्षांपासून मला शंका होती. नेव्ही ब्लू डावीकडून तिसऱ्या कप्प्यात, काळा त्याच्या खाली. मी रंग बघत नव्हते, कप्पे पाठ होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. शंकेचं मी कोणापाशी बोलले नव्हते, कारण 'जयंतीची नजर' हीच माझी दुकानातली पत. ती गेल्यावर माझ्यापाशी काय उरतं, याची भीती वाटायची.

तुझ्या श्रुतिकाच्या साखरपुड्याला तू घालायचा पीस मी कप्प्यातून नव्हता काढला, नुकत्याच आलेल्या मालाच्या खोक्यातून काढला होता. तू म्हणालीस, "ताई, दारात नेऊन बघू या का?" मी तुझा हात धरून थांबवलं. "माझ्या नजरेवर विश्वास नाही का तुझा?" शिंप्याकडेही मीच परस्पर टाकला. ब्लाऊज साखरपुड्याच्याच सकाळी तुझ्या हातात आलं. निळ्या साडीवर काळं, आणि तेही लेकीच्या साखरपुड्यात. नंतर मी माहेरी सगळ्यांना सांगत सुटले की दोष ट्यूबलाइटचा, आणि मिनूनेच घाईत पसंत केलं. दिव्यांचं हे सगळं वेड तिथून सुरू झालं. खोटं बोलले होते, ते खरं करून दाखवायचं होतं.

शेठना सांगून टाकलं. ते म्हणाले, "ऑपरेशन करून या, काउंटर कुठे पळतोय?" उगाच घाबरत होते इतके दिवस.

काल मुलुंडला जाऊन श्रुतिकाच्या सासूबाईंना, वनमालाबाईंना भेटले. तिळगूळ दिला आणि सांगितलं की चूक माझी होती, मिनूची नाही.  त्या म्हणाल्या, "पण मृणालिनीताई तर त्याच दिवशी म्हणाल्या, 'रंग मीच निवडला. ताईला काही बोलू नका, तिचं दुकानात नाव आहे.'"

 आणि दीड वर्ष मी लोकांना सांगत होते की मिनू विनाकारण रुसली आहे.

गुरुवारी, २३ तारखेला, सकाळी दहाला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मुकुल रजा घेणार आहे, त्यामुळे तुझ्यावाचून काही अडणार नाही. पण मला तू हवी आहेस. हक्काने बोलवायला मी तोंड ठेवलेलं नाही, म्हणून विचारते. येशील?

तू जिला पाठीशी घातलंस ती,
तुझी ताई
जयंती