झील धरणारा कॉम्प्युटर

आबा, आज रविवार, दुपार कलली आहे आणि जळगावच्या माझ्या खोलीत पंख्याखाली बसून मी तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरी साधा फोनसुद्धा नव्हता, त्यामुळे जे सांगायचंय ते कुठून सुरू करावं हेच कळत नाही. कॉम्प्युटर तुम्ही एकदाच पाहिला होता, डाळमिलच्या ऑफिसात, काचेपलीकडे. घरी येऊन म्हणालात, "टाइपरायटरले टीव्ही लायेल शे." आता तसाच एक, शाळेच्या पाटीएवढा, माझ्या मांडीवर असतो, आणि गेले काही महिने मी त्याला झील धरायला शिकवते आहे.

तुमच्या गाण्याच्या पार्टीत मी तुमच्या बहिणीला, अक्काला, चिकटून बसायची. तुम्ही पुढे उभे, हातात खंजिरी. ओळ टाकायचात आणि मागून आम्ही दोघी ती उचलायचो, म्हणजे झील धरायचो. एकदा शिंदखेड्याला जयंतीच्या कार्यक्रमात मी समोरच्या गर्दीकडे बघत राहिले आणि माझी झील पडली. गाडीत बसल्यावर तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "मी श्वास घेतो ना, तेवढी जागा तुमची असते. ती रिकामी राहिली की गाण्याला भोक पडतं." ते बोलणं मला मारापेक्षा जास्त लागलं. मिलमध्ये डबा घेऊन आले की तुम्ही चाळणीपाशी उभे असायचात, हवेत डाळीची पिवळी धूळ, ती चाळणी एकाच ठेक्यात हलते आहे आणि तुम्ही बोटांनी पोत्यावर नवी चाल धरून बघताय. मला पाहून हसता, डबा घेता, पण बोटं थांबत नाहीत. अजूनही डोळे मिटले की ती चाळणी ऐकू येते, आणि मी नेमकी कितवीत आहे, हे काही क्षण सांगता येत नाही.

तुमच्यानंतर पार्टी विखुरली. ढोलकीवाले सुरतेला गेले, पेटीवाल्यांचं बोट वाकलं. अक्काने तर गाणंच सोडलं. आयुष्यभर जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काम केल्यामुळे तिची छाती भरून येते, चार पावलं चालली की भिंत धरते. पण गाणं तिने छातीमुळे सोडलं नाही. "भाऊच नही ते कोणा मांगे गाऊ?" असं म्हणायची आणि विषय संपवायची. मी पाइप कंपनीत नोकरी करत एकटीच गात राहिले, पेन ड्राइव्हवर भरून आणलेल्या संगीतावर. ते संगीत पुढे पळायचं आणि मी त्याच्या मागे. कुणी एखादी ओळ पुन्हा मागितली तरी देता येत नव्हती. मग धुळ्याच्या एका साउंडवाल्याने सांगितलं, "ताई, लूपिंग करा. तुम्ही तिथल्या तिथे एक ओळ गायची, कॉम्प्युटर ती पकडतो आणि फिरवत ठेवतो. तुम्ही वर काय हवं ते गा." आबा, तो झीलच सांगत होता, फक्त त्याला तो शब्द माहीत नव्हता.

पण सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे माणूस निवडण्यासारखंच निघालं. पहिलं घेतलं ते मोठं, नावाजलेलं, पडद्यावर रंगीत चौकोनच चौकोन. रविवारी ते घेऊन मी शिंदखेड्याला अक्काकडे गेले. ती चुलीपाशी कळण्याची भाकर थापत होती. पिठाच्या डब्यावर कॉम्प्युटर ठेवला, माइक तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, नुसतं गंमत म्हणून एक ओळ गा. बरीच कुरकूर करून ती गायली, भाकरीवरचा हात न काढता. अक्का समेच्या आधी एक लांब "हो" लावून ओळ उचलते, तुम्हाला माहीतच आहे. पण या सॉफ्टवेअरला ठेक्याचा वेग आधी सांगावा लागतो आणि मग ते आपल्या मापाने ओळ कापून घेतं. आवाज फिरून आला तेव्हा अक्काने मान वर केली. "मनं 'हो' कोठे गयं?" सगळं फिरून आलं होतं, फक्त तिचं "हो" कापलं गेलं होतं; तव्यावरची भाकर करपली तरी ती विचारतच होती. "बठ्ठं उनं, 'हो' कोठे गयं?"

त्या "हो"साठी मी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. ठेका आधी न मागणारं शोधत गेले आणि एक अगदी साधं सापडलं. पडद्यावर नुसतं एक वर्तुळ. पायाने बटण दाबलं की ते ऐकायला लागतं, पुन्हा दाबलं की ओळ बंद करून फिरवायला लागतं. आपण गाऊ तेवढी त्याची लांबी, आपला असेल तो वेग. मग पुढची खटपट. गायलेला आवाज कानात जरा उशिरा यायचा, विहिरीत वाकून बोलल्यासारखा. तो उशीर कमी करायची जागा सेटिंगमध्ये सापडली, पण फार कमी केला की मोहरी तडतडावी तसा आवाज फुटायचा. थोडं वर, थोडं खाली, जशी तुम्ही खंजिरी उन्हात तापवून तिचा आवाज बघायचात. शेवटी माइकसाठी वेगळी डबी जोडली तेव्हा दोन्ही मिटलं. पायाखालच्या बटणांना कामं वाटून दिली: एक ओळ पकडायला, एक वर चढवलेली शेवटची ओळ पुसायला, एक थांबवायला. थांबण्याचेही प्रकार होते. जिथल्या तिथे थांबायचं, की फेरा पुरा करून. मी फेरा पुरा करून हे निवडलं. अर्धी ओळ तोडलेली तुम्हाला सोसली नसती.

पुढच्या खेपेला अक्काने तिचं "हो" ऐकलं, पूर्ण, लांब, मागे भांड्याचा आवाज आणि बाहेर ओरडणारा कोंबडा यांच्यासकट. ते फिरत राहिलं आणि ती हात धुवायची विसरून ऐकत बसली. मी म्हटलं, "अक्का, सोनगीरला कार्यक्रम आहे. ये माझ्याबरोबर."

"माले आते एकच ओळना दम शे, बाई."

"एकच ओळ पाहिजे."

सोनगीरला स्टेज गावाच्या मोकळ्या जागेत होतं, मागे किल्ल्याचा डोंगर संध्याकाळच्या उजेडात निळा पडत चाललेला. अक्का पांढऱ्या साडीत, माझ्या मागे, तिच्या नेहमीच्या जागी बसली. तुमच्या गाण्याची ओळ मी टाकली, बटणावर पाय ठेवला आणि तिने उचलली. मला भीती होती की आवाज मधेच तुटेल. तो हलला, पण तुटला नाही. पाय दाबला, वर्तुळ फिरायला लागलं आणि अक्काचा आवाज आपल्या आपण मैदानभर जाऊ लागला. मी अंतरा सुरू केला. तेवढ्यात मागे हालचाल जाणवली. वळून पाहते तो अक्का उठलेली. मला वाटलं, दम लागला. पण ती कठडा धरून एकेक पायरी सावकाश उतरली, लोकांनी वाट करून दिली आणि पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर ती डोक्यावर पदर घेऊन बसली. समोरून ऐकायला. आबा, आपलं गाणं तिने आयुष्यात कधी समोरून ऐकलंच नव्हतं.

मी गाणं लवकर संपवलंच नाही. अंतरे झाले तरी तेच अंतरे पुन्हा घेतले, कारण माझा पाय थांबायच्या बटणावर जाईना. स्टेजवर मी एकटी, माझ्या मागे अक्काचा आवाज आणि समोर अक्का, ओठ मिटलेले, मान हळूहळू डोलते आहे. लोक कधी टाळ्या वाजवायला लागले, मला आठवत नाही. नंतर गाडीत तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला. मग म्हणाली, "समोरथीन असं ऐकू येस का? माले कोणी सांगंच नही."

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि असती तरी मी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुमच्यापर्यंत जायला नको आहे. त्या पूर्ण गाण्यात, ते तुमचंच असून, मला तुमची आठवण एकदाही झाली नाही.