बंजरमध्ये सोडलेला दिवा

भाऊ खेमराजले बिरस्याहून त्याच्या थोरल्या बहिणीचा, बाईचा, पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहो. गुडघे कुरकुरतात, पण माह्यापेक्षा कमीच बोलतात. तुले फोनवर ऐकू येत नाही, म्हणून नातीले, रचनाले, लिहायले बसवलं.

रचना इथल्या शाळेत शिकवते. काल तिनं पोरांकडून आंगणात मातीचा डोंगर करून घेतला अन् वरून लोटाभर पाणी ओतलं. अर्धं इकडे वाह्यलं, अर्धं तिकडे. ती म्हणे, आपल्या बिरस्याचं पाणी बंजर नदीत जाते, तिथून नर्मदेत. तुह्या गावची वैनगंगा डोंगराच्या त्या बाजूले.

मी म्हटलं, "मंग माह्या भावाचा दिवा?"

पोरं खूप हसली. मले काही हसू आलं नाही. दम्यानं तुह्याच्यानं प्रवास होत नाही, अन् मले यायचा कंटाळा. म्हणून दर भाऊबीजेले मी बंजरमध्ये दिवा सोडत होती, अन् तुले सांगत होती, घाटावर बस, येईल. दिवा गेला नर्मदेकाठच्या मंडल्याले, अन् तुले मी थंडीत उगाच बसवलं रे.

पण तू सुनेकडून निरोप काहून धाडत होता, "बाईले सांग, दिवा पोहचला"? खोटारडा कुठला! रचना, हसू नको, हे मोठ्या अक्षरात लिही.

दमा कसा आहे? सून काढा देते ना?

पाण्याले डोंगर ओलांडता येत नाही, मोटारीले येते. या भाऊबीजेले घाटावर जाऊ नको. स्टँडवर ये.

तुही लबाड बाई,
रुख्मा