पुडीची गाठ

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

धारूर, ता. १२ नोव्हेंबर

चि. स्वप्नालीस आईचा आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. सीताफळं संपत आली. सत्यभामाआत्याच्या नातीचं बारसं आपल्याच घरी झालं. आठ दिवस तुझा फोन का उचलला न्हाई, ते सांगायचंय.

आप्पा परवा दवाखान्यातनं घरी आले. घाबरू नको, आधी वाच.

बारशाला घर पाव्हण्यांनी भरलतं. दुकानात शहादेवनं साखर मागितली, तर आप्पांनी मीठ दिलं. वर पुडी बांधता येईना. चाळीस वर्षं न बघता गाठ मारणारा माणूस दोरा हातात घेऊन रडकुंडीला आला. पाव्हणे म्हणले, "पिऊन बसलेत काय?" जन्मात थेंब घेतला न्हाई त्यांनी! लई राग आला मला.

मग आप्पांच्या लिव्हरच्या दुखण्याचा तू लिहून धाडलेला कागद आठवला. म्हणलं, "हात पुढं करा, पंजे वर उचला." पंजे फडफड हालायले, अगदी तू लिहिलतंस तसे. आत्या म्हणायल्या, भगताकडं न्या. मी ऐकलं न्हाई. गाडी बोलावून अंबाजोगाई गाठली. "लिव्हर आकसलंय, रक्तातली घाण डोक्यात चढलीय," हे मीच डॉक्टरला सांगितलं. त्यांनी विचारलं, "ते गोड औषध चालू आहे ना?"

स्वप्ने, ते मीच बंद केलतं. पाव्हण्यांसमोर सारखं संडासला पळायले म्हणून, चार दिवस. दिवसातनं दोन-तीनदा पोट साफ व्हावं म्हणूनच ते औषध, असं तू लिहून धाडलतंस. तरी मी लोकांकडं बघितलं, त्यांच्याकडं न्हाई.

तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. पोटातलं पाणी काढलं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून दुर्बिणीतनं त्यांना रबर बसवले. आता मीठ कमी, आणि औषध एक दिवस चुकवायचं न्हाई.

डॉक्टर म्हणले, "वेळेत आणलंत. कुणी शिकवलं?" मी बोलायच्या आत आप्पाच म्हणले, "माझी लेक नर्स हाय, पुण्यात!" लोकांची घाण काढायला गेली म्हणून सहा वर्षं तुझं नाव न घेणारा माणूस! आता गिऱ्हाईकाला पंजे उचलायला लावून हेच सांगायलेत. माझी तर छाती फुगली बाई.

पुढं लिव्हर बदलायचं का, ते मोठ्या दवाखान्यात विचारा म्हणलेत. आप्पा म्हणतात, स्वप्नीला विचारल्याबिगर पाऊल टाकणार न्हाई.

माझ्यावर रागव, पण ये. सोबत बडीशेपेची पुडी हाय. सकाळी त्यांनीच बांधली, तुझ्यासाठी. सोडायच्या आधी गाठ बघ.

नर्सबाईची आई,
शिवगंगा