केतकीचा रिकामा डबा

प्रिय वहिनी,

तुमचा तेरावा होऊन आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत मी तीनदा दादांकडे जाऊन आले. तिन्ही वेळा चहा घेतला, त्यांच्या औषधांची चौकशी केली आणि परत आले. जे बोलायला गेले होते ते बोललेच नाही. खरं म्हणजे ते दादांशी बोलायचं नव्हतंच, तुमच्याशी बोलायचं होतं. तेराव्याच्या दुपारी केतकीने मला जे सांगितलं, ते कळल्यापासून मला धड जेवण जात नाही. तुम्ही होतात तेव्हा चार सेक्टर पलीकडे राहून मी तुम्हाला कधी एक चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही, आणि आता वही घेऊन बसले आहे. हसाल तर हसा.

सरकारी क्वार्टर सोडून आपण दोघी जावा सगळ्या घरासकट दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा माझी केतकी नर्सरीत होती. मेट्रो यायच्या आधीची द्वारका ती. निम्म्या इमारती अजून बांधायच्या होत्या, पाणी टँकरने यायचं, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढावेत तर धुळीने कडक झालेले. मला गुडगावला नव्या कंपनीत नोकरी लागली होती आणि सकाळी सातला खाली कॅबवाला हॉर्न द्यायचा. त्यामुळे घर तुमच्याकडे, आणि केतकीचा डबाही तुमच्याकडे. हे असं ठरवलं कोणी? कोणीच नाही. तुम्ही करत गेलात आणि मी करू दिलं.

डबा भरावा तर तुम्हीच! शाळेने फ्रिजवर लावायला एक तक्ता दिला होता, सोमवारी मोड आलेली कडधान्यं, मंगळवारी पराठा, असा. बाकीच्या आया त्या तक्त्यावर वैतागायच्या. तुम्ही तो वाचून कामाला लागायचात. मोडाचे मूग कोरडे परतायचे, त्यात डाळिंबाचे दाणे, म्हणजे झाकण उघडल्याबरोबर काहीतरी लाल दिसलं पाहिजे. पालक तिला आवडत नाही तर तो कणकेत जाई, बीटही कणकेत, आणि थालीपीठं वाटीने कापून एवढी एवढीशी केलेली. पराठा तव्यावरून थेट डब्यात कधी नाही. आधी जाळीवर गार व्हायचा, मग त्याचे त्रिकोण. थंडीत तूप थिजून तोंडाला चिकटतं म्हणून डिसेंबर-जानेवारीत तूप बंद, तेल सुरू. आणि शेवटी ती तुमची परीक्षा! भरलेला डबा सिंकवर उलटा धरून दोनदा हलवायचा. आत काही वाजलं तर पुन्हा उघडून नीट भरायचा. स्कूलबस खड्ड्यांतून जाते, पोरीने उघडला की सगळा काला नको, असं तुमचं म्हणणं.

मी या सगळ्याची थट्टा करायचे. तुमच्या मराठीचीही करायचे. तुम्ही जन्माने दिल्लीच्या, शाळा हिंदीतून. ‘पोरीला परेशान नको करू’ असं तुम्ही म्हणालात की मी लगेच, ‘वहिनी, परेशान नाही, त्रास.’ पुण्याहून आलेल्या सुनेला केवढा तो ताठा! तुम्ही ‘अच्छा, त्रास’ म्हणून पुढे पोळ्या लाटायचात.

केतकी तुम्हाला मोठ्याई म्हणायची. थोरल्या काकूला मोठी आई म्हणायची आपल्या सासरची रीत. माझ्या माहेरी काकूला काकूच म्हणतात. मला ते नाव आधी गोड वाटायचं. कधीपासून टोचायला लागलं ते आठवत नाही. पण टोचायला लागलं हे खरं.

ती दुसरीत असताना मी पहिल्यांदा रजा काढून तिच्या पालकसभेला गेले. आधीच्या सगळ्या सभांना तुम्ही गेला होतात, डायरीवर रोज सही तुमची. टीचर हसून मला म्हणाल्या, ‘आप केतकी की चाची हैं ना? मम्मी को बोलिएगा, टिफिन बहुत बढ़िया भेजती हैं.’ केतकी शेजारी उभी होती. तिने टीचरची चूक दुरुस्त केली नाही. मान खाली घालून बुटाने फरशी घासत राहिली. मीही केली नाही, वहिनी. ‘जी, बोल दूँगी,’ म्हणाले आणि बाहेर आले.

निरोप मात्र तुम्हाला दिला नाही. तो आज देते. तुमचा डबा बहुत बढ़िया असायचा.

त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं की उद्यापासून केतकीचा डबा मी करणार. तुम्ही म्हणालात, ‘बिल्कुल. कणीक भिजवून ठेवू?’ मी नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाचला उठले तर तुम्ही सवयीने माझ्याआधी उठलेल्या. स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा कप घेऊन उभ्या. आत येऊ की नको, असं स्वतःच्याच घरात तुम्हाला वाटत होतं. मला दिसत होतं ते. मी पाठ फिरवून ब्रेडला सॉस लावत राहिले.

माझे डबे! वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं वाचून केलेले. दहा वाजेपर्यंत ओला लगदा झालेलं सँडविच, गोळा झालेला पास्ता, एकदा तर नुसतं सॅलड, तेही जानेवारीच्या थंडीत. डबा जसा जाई तसा परत येई. पौष्टिक आहे ना, मग खायला काय होतं, असं म्हणून मी सात वर्षांच्या पोरीला रागवायचे. त्यात कामवाल्या बाईकडून मला कळलं की शाळेतून आल्यावर तुम्ही तिला गरम वरणभात भरवता आणि माझा डबा धुऊन जागेवर ठेवता. धुतलेला डबा दिसला की मला वाटायचं, आज तरी तिने खाल्ला.

हे कळलं त्या रात्रीचं माझं वाक्य तुम्ही विसरला नसालच. मीही विसरले नाही, विसरल्यासारखं केलं. आज लिहिते, कारण न लिहिता पुढे जाणं म्हणजे पुन्हा तेच. मी म्हणाले होते, ‘स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं तुम्हाला, पोरीला आईपासून तोडणं काय असतं ते.’ डॉक्टर झाले, वैद्य झाले, उपास झाले, तेरा वर्षं सगळं करून तुम्ही थकला होतात. घरात त्यावर कोणी अक्षर काढत नसे. मी ते वाक्य तुमच्या अंगावर टाकलं, आणि तुम्ही काय केलंत? दूध उतू जात होतं तो गॅस बंद केलात आणि आपल्या खोलीत गेलात. एक शब्द तरी बोलायचा होता. मला भांडता तरी आलं असतं.

दोन महिन्यांनी आम्ही वेगळे झालो, चार सेक्टर पलीकडे भाड्याच्या फ्लॅटमध्ये. लोकांना मी सांगितलं की तिथून ऑफिसची कॅब लवकर मिळते. केतकीची शाळा तीच राहिली. दुपारी तिला सांभाळायला बाई ठेवली.

तिथेही डबा परत येतच होता. पोरगी वाळली. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागले. मग एक दिवस ती मला म्हणाली, ‘आई, सॉस वेगळ्या डबीत दे ना.’ मी दिला. दोन दिवसांनी म्हणाली, पराठा गार झाल्यावर भर. मग म्हणाली, डाळिंब टाक, छान दिसतं. मला वाटलं, लेक किती हुशार आहे! ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. आणि एके दिवशी डबा रिकामा आला. दुसऱ्या दिवशीही. मी तो रिकामा डबा हातात घेऊन ओट्याशी उभी होते आणि मला रडू आलं. जिंकले असं वाटलं मला, वहिनी. कुणाशी जिंकले, ते मनात म्हणाले नाही, पण मला माहीत होतं.

त्याच सुमाराला तुम्ही आमच्याकडे यायच्या बंद झालात. केतकीच्या वाढदिवसाला दादा एकटे आले, तुमचं डोकं दुखतंय म्हणाले. दिवाळीचा फराळ त्यांच्याच हाती. पोरगी चिडचिडी झाली होती, दुपारी रडायची म्हणून बाई सांगायची. मीच शेवटी तुम्हाला फोन केला की ती तुमची आठवण काढते. तुम्ही म्हणालात, ‘अगं, मला टाइम नाही होत. सवय होऊ दे तिला.’ एवढंच. मी फोन ठेवला आणि पुण्याला आईला सांगितलं की माझी जाऊ दगड आहे, सात वर्षं सांभाळलेली पोर दोन महिन्यांत विसरली. मग बारा वर्षं मी हेच सांगत राहिले. लग्नकार्यात भेटलो, गौरीला एकमेकींना कुंकू लावलं, एका ताटात वाढून घेतलं. मनातून मी तुम्हाला कधी माफ केलं नाही. मी, तुम्हाला!

तेराव्याला गुरुजींनी विधी सुरू करण्याआधी विचारलं, ‘बाईंना मूलबाळ?’ दादा गप्प राहिले. मी पटकन उत्तर दिलं, ‘नाही.’ माहिती म्हणून दिलं, त्यात काही वाईट मनात नव्हतं. पण केतकीने माझ्याकडे पाहिलं. ती आता कॉलेजात आहे, तुमच्याएवढी उंच झाली आहे. लोक जेवून गेल्यावर ती तुमच्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘तू “नाही” असं का म्हणालीस?’ मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने सांगितलं.

नव्या घरी गेल्यावर ती रोज सव्वादोनला, शाळेतून आल्या आल्या तुम्हाला फोन करायची. तुम्ही विचारायचात, डबा संपवलास? नाही म्हटलं की, का नाही? ब्रेड ओला होतो? मग आईला सांग, सॉस वेगळा दे. असं एकेक तुम्ही तिला शिकवत होतात आणि ती मला शिकवत होती. माझी हुशार लेक! आणि मग तुम्ही तिला म्हणालात, ‘आई पाचला उठते तुझ्यासाठी. डबा रिकामा नेशील त्या दिवशीच मला फोन करायचा.’ ती संपवायला लागली. रोज फोन करून सांगायची, मोठ्याई, संपवला. दहा-बारा दिवस तुम्ही ऐकलंत. मग म्हणालात, ‘आता मला नको सांगू. आता आईला सांग. उद्या काय देणार ते तिलाच विचार.’ त्यानंतर तुम्ही फोन उचलला नाहीत.

‘मी रोज करायचे, आई,’ केतकी म्हणाली. ‘वीस दिवस तरी केला. घंटी वाजत राहायची. मग मी सोडलं.’

दादा दारात येऊन कधी उभे राहिले, आम्हाला कळलं नाही. ते म्हणाले, ‘घरीच असायची गं ती. सव्वादोनला खुर्ची घेऊन फोनसमोर बसायची. वाजायचा थांबला की उठायची.’

वहिनी, माझं घर व्हावं म्हणून तुम्ही तुमचं लेकरू आपल्या हातांनी दूर ढकललंत. माझ्या त्या वाक्यानंतर! मला सांगायचं तरी होतंत. एवढं एकच मी तुमच्यावर रागावून म्हणते आहे. एका दुपारी तरी उचलायचा होतात फोन. सात वर्षांची पोर होती ती, तिला काय कळणार की तुम्ही तिकडे बसलेल्या आहात? तिला वाटलं, मोठ्याई रागावली. मला वाटलं, मोठ्याई विसरली. आणि तुम्ही दोघींना तसं वाटू दिलंत. हे बरोबर केलंत का? मला खरंच ठरवता येत नाही. माझी मुलगी माझी झाली ती तुमच्यामुळे, हे तेवढं कळतं.

माफी मागून आता काय होणार आहे? तरी मागते. त्या वाक्याची, आणि बारा वर्षं तुम्हाला दगड म्हटलं त्याची. पुण्याला आईलाही फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू जाऊन भेटायला हवं होतंस. हो, हवं होतं.

दादांच्या जेवणाची काळजी करू नका, दोन्ही वेळेला आमच्याकडून डबा जातो. केतकी घेऊन जाते.

वर्षश्राद्धाला गुरुजी पुन्हा विचारतील. त्या वेळी दादांना गप्प बसावं लागणार नाही आणि केतकीलाही माझ्याकडे तसं पाहावं लागणार नाही. पाट मी मांडीन, तिला हाताला धरून त्यावर बसवीन आणि चार लोकांच्या देखत उत्तर देईन, की बाईंना एक मुलगी आहे, ती ही.

तुमची धाकटी जाऊ,
नीता