डोळ्यांच्या विभागात बदली

चि. वर्षाराणी,

मी प्रसूती विभाग सोडला. आता डोळ्यांच्या ओपीडीत असते, संध्याकाळी घरी येते. बाळंतिणी माझा हात घट्ट धरायच्या, ते सोडणं जड गेलं. पण लई थकले होते. आणि रात्रपाळ्यांपायीच तुला लहानपणापासून नांदूरघाटला आजीकडं ठेवलंय, म्हणून ही बदली मागून घेतली.

काल मी फोनवर म्हणाले, "आता घरी ये, बाळा."

तू म्हणालीस, "आता कावून, आई? माझी शाळा, मैत्रिणी, समदं इथंच हाय."

मी "बरं" म्हणाले आणि खुर्चीतच बसून राहिले.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचून तू मन मारून येशील. आता मला रविवारी सुट्टी असते. मीच तिकडं येते. तू म्हणशील तेवढा वेळ थांबेन.

तुझी,
आई