साधंच ऑईल

रविवार, जानेवारी २००६. संध्याकाळ.

गाडीत या वेळी सिंथेटिक ऑईलच घालायचं ठरवून माहेरी कोनला बाबांकडे गेले होते; ऑईल नेहमी तेच बदलून देतात. महाग असलं तरी जास्त चालतं, इंजिनालाही चांगलं. मग साधं का घालून आले? ह्यांना काय सांगू?

लग्नाआधी ऑईल बदलताना बाबा जुनं ऑईल दोन बोटांत चोळून दाखवायचे. "बघ, कसा पानी झालाय." हात काळे होतात म्हणून मी पळायचे. आजही त्यांनी तसंच चोळलं. मी मुद्दाम माझीही बोटं बुडवली.

मग सिंथेटिकचं सांगितलं. त्यांनी फडक्याला हात पुसले.

"चांगला हाय मंग. त्योच टाक. तुला सारखा यावा लागनार न्हाय."

आमच्या पडघ्याहून कोन असं कितीसं लांब! तरी ऑईलचं निमित्त नसलं की माझं जाणं होतच नाही. त्यांनाही ते कळलंय तर.

"नको बाबा, साधंच घालू. जुन्या इंजिनाला सवयीचंच बरं," असं काहीतरी बोलले आणि नाक्यावरून साध्या ऑईलचा डबा आणला.

बाबा बोनेटखाली वाकून हसले. "मंग पावसाआधी यावा लागंल हां. कोलंबी आनून ठेवतो."